त्यातल्या त्यात बरा

मार्च निम्मा सरला की पार्सेच्या डोंगरावरून तो वास खाली उतरतो. पिकून गळलेल्या, पायाखाली चेंगरलेल्या काजूच्या बोंडांचा वास. गोड, आंबूस, घशाच्या मागच्या बाजूला चिकटून बसणारा. पणजीहून येणारी पाहुणेमंडळी गाडीची काच खाली करून तो छातीत भरून घेतात. मी घराचं जनेल, म्हणजे खिडकी, लावून घेते. काल आमच्या ह्यांनी विचारलं, तीस वर्षं होऊन गेली, अजून तुझं आहेच का? मी म्हटलं, आहेच. त्यांनी पंखा एक घर वाढवला आणि पेपर उघडला. ह्यापुढे बोलण्यात अर्थ नाही हे त्यांना लग्नाच्या इतक्या वर्षांत कळलेलं आहे.

ह्या मोसमाचा मला राग आहे, आणि तो कुणाला पटेल असा सांगता येत नाही. कारण मी बरी झाले. बरं झालेल्या माणसाने रागावू नये अशी लोकांची अपेक्षा असते.

तेव्हा मी धारगळच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवत होते. माझी मुलगी दीप्ती चार वर्षांची होती. एका दुपारी वर्गात पाणी पीत असताना पहिल्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी पाणी पितात तेन्ना गळ्यात एक गुळी वर चडता." वर्ग हसला, मीही हसले. घरी आल्यावर मात्र काचेचा कोप भरून पाणी घेऊन आरशासमोर उभी राहिले. मुलीने बरोबर पाहिलं होतं. कंठाच्या खाली, उजव्या अंगाला, जायफळाएवढं काहीतरी घोटाबरोबर वर सरकत होतं आणि घोट गेला की परत आपल्या जागी येऊन बसत होतं. दुखत नव्हतं. दुखलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुढे कितीदा तरी म्हटलं आहे.

गावातल्या डॉक्टरांनी मागे उभं राहून दोन बोटांनी गळा चाचपला आणि सांगितलं, साधा गलगंड आहे, आयोडीन कमी पडतं, पाकिटातलं मीठ वापरा आणि मासे भरपूर खा. हे घरी सांगितलं तेव्हा माझ्या सासूबाई विळीवरून उठल्याच नाहीत. त्यांना मी आईच म्हणायची. बांगड्याचं डोकं वेगळं करता करता त्या म्हणाल्या, "नुस्त्यार वाडलेलीं माणसां आमी. आमकां आनी नुस्तें खावंक सांगता?" पण डॉक्टरांचा शब्द. वर्षभर मी इमानाने मासळी खाल्ली. वर्षाच्या शेवटी जायफळाचं लहान लिंबू झालं होतं.

मग म्हापशाला एका सर्जनकडे गेलो. त्यांनी गाठीत सुई घालून पाणी काढलं, काचेवर पसरलं, तपासायला पाठवलं. आठ दिवसांनी कागद आला: निश्चित सांगता येत नाही. पुन्हा सुई, पुन्हा आठ दिवस, पुन्हा तेच. मी चिडून विचारलं की असं कसं सांगता येत नाही. ते शांत माणूस होते. त्यांनी समजावलं की ह्या जातीच्या गाठीत सुईला पेशी सापडतात, पण त्या पेशींनी गाठीचं कवच फोडलं आहे की नाही हे अख्खी गाठ बाहेर काढून पाहिल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे आहे की नाही हे कळण्यासाठी आधी कापून घ्यायचं. मला हे पटलंही आणि पटलं नाहीही. बाजारात नारळ घेताना आपण तो कानाशी हलवून बघतो. इथे तेवढीही सोय नव्हती.

अर्धी ग्रंथी काढली. तीन आठवड्यांनी अहवाल आला आणि सर्जन म्हणाले, "कॅन्सर आहे. पण त्यातल्या त्यात बरा. ह्याने माणसं सहसा जात नाहीत." उरलेली अर्धी काढण्यासाठी त्याच व्रणावरून पुन्हा चिरलं. शुद्धीवर आल्यावर ह्यांना हाक मारली तर तोंडातून वारा बाहेर आला. आवाजाच्या शिरेला धक्का लागला होता. येईल परत, सर्जन म्हणाले. कधी, ते सांगता येत नाही.

'त्यातल्या त्यात बरा' हे शब्द मात्र माझ्याही आधी घरी पोचले. मुख्याध्यापक भेटायला आले ते तेच म्हणाले. नणंद साखळीहून आली, तिनेही तेच. बसच्या कंडक्टरनेसुद्धा तिकीट फाडता फाडता सांगितलं की बाई, तुमचा तो बऱ्यातला, काळजी करू नका. सगळे मनापासून बोलत होते, म्हणून तर काही करता येईना. मला एकदा पोटभर रडायचं होतं आणि त्या शब्दांनी माझी ती सोयच काढून घेतली. शेजारच्या वाड्यावर एका बाईला आतड्याचा होता. ती खरीखुरी मरत होती. तिच्या घराकडे तोंड करून मी कशी रडणार?

पुढचा टप्पा मुंबईचा होता. गळ्यात राहिलेल्या बारीकसारीक पेशी मारायला किरणोत्सारी आयोडीन पाजतात, आणि ते त्या काळी आमच्याकडे मिळत नव्हतं. जायच्या आधी, सगळं नीट आहे ना बघू या, म्हणून इथल्याच एका डॉक्टरांनी शिरेतून रंग सोडून गळ्याचा मोठा फोटो काढायला लावला. आम्ही आनंदाने काढला. जास्त कागद असलेले बरे असं आम्हांला वाटायचं. मुंबईच्या हॉस्पिटलातली डॉक्टर माझ्याच वयाची होती. तिने ती फिल्म उजेडात धरली, तारीख वाचली आणि हातातलं पेन टेबलावर ठेवलं. त्या रंगात आयोडीनच असतं. अंगात ते इतकं भरलं आहे की आता आमचं औषध आत शिरायला जागाच नाही. निदान तीन महिने थांबावं लागेल, ती म्हणाली. हे तिच्याशी भांडायला लागले. ती ऐकून घेत राहिली. तिची काहीच चूक नव्हती. ज्याची होती त्याच्याशी भांडायला आम्ही परत गेलोच नाही. गावात राहायचं तर डॉक्टर लागतोच.

अशी माझी पाळी जानेवारीची एप्रिलात गेली आणि काजूच्या दिवसांत येऊन पडली.

ग्रंथी नसली की तिचं काम रोजची एक गोळी करते. आयोडीन पाजण्याआधी चार आठवडे ती गोळी बंद करायची असते. डॉक्टरने सांगितलं होतं की उरलेल्या पेशींना कडकडून भूक लागली पाहिजे, म्हणजे समोर येईल ते आयोडीन त्या अधाशासारखं खातील. मला ते चांगलं कळलं. पण पेशींना उपाशी ठेवताना माणूस काय होतो ते तिने सांगितलं नव्हतं, किंवा सांगून उपयोग नाही असं तिला वाटलं असेल.

पहिला आठवडा काही वाटलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मला थंडी वाजायला लागली. एप्रिल महिना, पेडण्याचा उकाडा, डोंगरावरून बोंडांच्या टोपल्या घेऊन उतरणाऱ्या बायकांच्या पाठी घामाने भिजलेल्या, आणि मी सोप्यावर स्वेटर घालून बसलेली. आमची काजूची पाच-पन्नास झाडं होती, सासूबाई मोलकरणी लावून, स्वतः उभं राहून बोंडं वेचून घ्यायच्या. अंगणात बायका बोंडांच्या बिया पिळून वेगळ्या करत, रस फेणीच्या भट्टीवाल्याकडे जाई, चोथ्यावर माश्या घोंगावत. सगळं अंगण चिकट, हसतं-बोलतं. माझ्या चेहऱ्याला सूज, पापण्या जड, जीभ तोंडात मावेना. आवाज थोडा परत आला होता तो आता पुरुषासारखा घोगरा झाला. कुणी काही विचारलं की ते शब्द माझ्यापर्यंत पोचायला वेळ लागायचा, आणि उत्तर शोधून आणेपर्यंत विचारणारी बाई पुढच्या टोपलीवर गेलेली असायची.

परीक्षेचेही तेच दिवस. मुलांबरोबर मीही तिसरीची चौथीला आले होते, आणि हट्टाने वर्गाचे पेपर घरी आणले होते. एक पेपर मी तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा गुण वेगळे पडले. नाव वाचलं, मूल डोळ्यांपुढे येईना. ज्या मुलीने माझी गाठ पाहिली होती तिचाच तो पेपर होता हे मला दुसऱ्या दिवशी उमगलं. त्या दिवशी मी गठ्ठा बांधून मुख्याध्यापकांकडे पाठवून दिला. इतकी हरलेली मी ऑपरेशनच्या टेबलावरही नव्हते.

आणि पथ्य. आयोडीन असलेलं काहीही पोटात जायला नको. समुद्राचे मासे बंद, मिठागरातलं मीठ बंद, पाकिटातलं मीठ बंद, दूध-दही बंद, अंड्याचा बलक बंद, सकाळी दारावर येणाऱ्या पोदेराचा पाव बंद. यादी मुंबईची होती, इंग्रजीत टाइप केलेली. सासूबाईंना मी ती वाचून दाखवली तेव्हा त्यांनी विचारलं की मग उरलं काय. काल खा म्हणून सांगितलेलं आज विष झालं होतं, आणि दोन्ही वेळा सांगणारे डॉक्टरच होते. तरी त्यांनी माझी चूल वेगळी केली. अळणी पेज, अळणी भाजी, वर लिंबू. मला वाढताना त्या माझ्याकडे बघायच्या नाहीत.

मुंबईला जायला अकरा दिवस होते. दुपारची वेळ, सगळी मंडळी डोंगरावर. मी पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले. मातीच्या तवलीत सुक्या सुंगटांची, म्हणजे वाळवलेल्या कोळंबीची, किसमूर होती, कांदा, खोबरं, आमसूल घातलेली, मोलकरणींसाठी केलेली. मी ठरवून काही केलं नाही. झाकण काढलं आणि बोटांनी खाल्ली. एक घास नाही, चांगली मूठभर. इतक्या दिवसांनी जिभेला मीठ लागलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं; ते रडणं होतं की तिखट, मला ठाऊक नाही. मागे वळले तर दारात सासूबाई. डोक्यावर टोपली तशीच.

त्या ओरडतील असं वाटलं. त्यांनी टोपली उतरवली, पुढे येऊन तवलीवर झाकण ठेवलं आणि म्हणाल्या, "मी काय बगूंक ना."

मग माझा हात धरून विहिरीवर नेऊन धुतला. पाच वर्षांच्या पोरीचा धुवावा तसा, बोटं एकेक करून.

मुंबईच्या डॉक्टरने दाखल करण्याआधी विचारलं, पथ्य पाळलं ना? खरं सांगितलं तर ती परत पाठवील की काय, ही भीती होती. अजून दोन आठवडे गोळीशिवाय, अजून दोन आठवडे ती थंडी, ते डोक्यातलं चिखलासारखं दाटलेपण. मी ह्यांच्याकडे पाहिलं. त्यांना काहीच माहीत नव्हतं. मी म्हटलं, पाळलं. तिने कागदावर बरोबरची खूण केली.

औषध शिशाच्या जाड डबीत आलं. देणारा माणूस ते माझ्या हातात ठेवून झटकन मागे सरला. घोटभर पाणी, चव काही नाही. मग दार बंद. तीन दिवस जेवण उंबऱ्यापाशी ठेवून जात. लाळेच्या ग्रंथी जळू नयेत म्हणून लिंबाच्या आंबट गोळ्या चघळायला दिल्या होत्या. दात आंबून गेले. रोज सकाळी एक तंत्रज्ञ दारातून यंत्र माझ्या दिशेने धरायचा, आकडा वाचायचा, मान हलवायचा आणि जायचा. माझ्या तब्येतीची चौकशी त्याने कधी केली नाही. त्याला विचारायचं होतं ते यंत्र सांगत होतं.

सहा महिन्यांनी तपासलं तेव्हा गळ्यात एक ठिपका राहिलेला दिसला. पुन्हा गोळी बंद, पुन्हा पथ्य, पुन्हा ती खोली. दुसऱ्या खेपेला मी नखाएवढंही काही खाल्लं नाही. त्यानंतर ठिपका गेला तो गेला. मग एका तपासणीला मी धीर करून त्या डॉक्टरला किसमुरीची गोष्ट सांगितली आणि विचारलं, त्याच्यामुळेच राहिलं का? ती रागावली नाही. म्हणाली, मूठभराने एवढं होतं असं नाही, पण झालं नसेल असंही मी म्हणणार नाही. सांगता येत नाही. मला त्या क्षणी तिने शिव्या दिलेल्या चालल्या असत्या.

ठिपका किसमुरीमुळे राहिला असेल, हे सासूबाईंना मी कधीच कळू दिलं नाही. त्या गेल्या तोपर्यंत त्यांचा समज हाच होता की एक घास खाल्ला आणि पचला.

मागच्या वर्षी नणंदेच्या सुनेला साखळीला हेच झालं. माझ्यासारखीच गाठ, तेच कापणं. पण तिला गोळी बंद करावी लागली नाही. आता दोन इंजेक्शनं मिळतात, ती घेतली की पेशींना भूक लागते आणि माणूस माणसासारखा राहतो. ती मोबाइलवर बोलत बोलत हॉस्पिटलात गेली आणि हसत परत आली. मला आनंद झाला. खरंच झाला. रात्री जेवताना मी मात्र ह्यांना इतकं टाकून बोलले की ते पानावरून उठून गेले. दुसऱ्या दिवशी तिनेच फोन करून विचारलं की मामी, सगळे म्हणतात हा बऱ्यातला आहे, मग मला एवढी भीती का वाटते? मी तिला सांगितलं की कुणालाही काही म्हणू दे, तू घाबर, आणि रडायचं असेल तर माझ्याकडे ये. ती आली. आम्ही दोघींनी चहा केला आणि तिने दोन तास रडून घेतलं. त्या दोन तासांत मी तिला एकही धीराचा शब्द दिला नाही.

पण त्या एप्रिलचं अजून एक सांगायचं राहिलं आहे, आणि खरा राग तिथेच आहे. औषधाचे किरण अंगातून जायला वेळ लागतो. घरी आल्यावरही मुलीपासून पंधरा दिवस लांब राहा, मांडीवर घेऊ नका, शेजारी झोपवू नका, असं लिहून दिलं होतं. बसमध्ये हेसुद्धा माझ्यापासून तीन रांगा पुढे बसले होते. घरी मला मागची खोली दिली, दाराशी एक बाक आडवा टाकला. दीप्ती आता सहाची होत आली होती. पहिल्या दिवशी ती धावत आली, सासूबाईंनी तिला कमरेला धरून उचललं, ती हात-पाय झाडत किंचाळली. दुसऱ्या दिवशी बाकाच्या पलीकडे बसून रडली. तिला काय सांगणार? आईच्या अंगातून काहीतरी बाहेर येतं, ते तुला लागेल, असं मी म्हणाले. ती माझ्याकडे निरखून बघत राहिली, काही दिसतं का म्हणून.

पाचव्या-सहाव्या दिवशी तिने रडणं सोडलं. मग बाकाशी येणंही कमी झालं. मोलकरणींबरोबर डोंगरावर जायची, हात बोंडांच्या रसाने काळे करून यायची, आजीच्या कुशीत झोपायची. मला ऐकू यायचं सगळं. गोळी पुन्हा सुरू झाली होती, डोकं हळूहळू उघडत होतं, आणि जसजशी मी माणसात येत होते तसतसं कळत होतं की घर माझ्याशिवाय बिनबोभाट चाललं आहे.

पंधरा दिवस झाले. आणखी दोन मी माझ्या भीतीने वाढवले. मग बाक बाजूला केला, न्हाले, धुतलेलं लुगडं नेसले आणि सोप्यावर जाऊन तिला हाक मारली. ती खांबामागून बघत राहिली. मी हात पुढे केले. तिने आपले हात मागे नेले आणि आजीकडे पळाली.

सगळे म्हणाले, येईल, लहान आहे, विसरेल. मला वाटलं उद्या येईल. ती बोलायची, विचारलेल्याला उत्तर द्यायची, ताट समोर ठेवलं की जेवायची. पण हाताच्या अंतरात यायची नाही. मी पाऊल पुढे टाकलं की ती एक मागे. मी एकदा रागाने तिला धरलं, तर ती लाकडासारखी ताठ झाली. मीच सोडून दिलं. सगळा मे असा गेला. डॉक्टरांचा राग, सुईचा, त्या रंगाचा, किसमुरीचा, सगळा एकीकडे आणि हा एकीकडे. ज्या शहाणपणाने मी तिला वाचवलं म्हणायचं, त्याच शहाणपणाने तिला माझ्यापासून दूर राहायला शिकवलं होतं. ते विसरायला लावणारी गोळी कुणाकडे नव्हती.

जूनमध्ये शाळा उघडली. तिची पहिली. सकाळी मी स्वतःच्या शाळेला निघायच्या घाईत होते, वेणी घालून पिना शोधत होते. ती गणवेश घालून दाराशी उभी राहिली. हातात दोन लाल फिती. बराच वेळ उभी होती. मग तिने माझ्याकडे पाठ केली, दोन पावलं मागे मागे आली आणि म्हणाली, "आजीक घट्ट बांदूंक जमना."

मी खाली बसले. तिच्या केसांना खोबऱ्याच्या तेलाचा आणि आजीच्या हाताचा वास होता. भांग पाडला, दोन्ही बाजूंच्या वेण्या घातल्या, फीत वळवली आणि गाठ आवळली. जरा जास्तच आवळली.

"दुखता गो, आई," ती म्हणाली. पण हलली नाही.